मोटारसायकलखालची खूण

"कुणाकुणाची नावं टाकू, अण्णासाहेब?" जमदाडेंनी विचारलं, आणि आमच्या घरातली बहुतेक भांडणं जिथून सुरू होतात तिथूनच हेही सुरू झालं.

जमदाडे म्हणजे तासगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता संगणकाकडे वळलेले पन्नाशीचे गृहस्थ. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी ते आमच्या घरच्या संगणकात नवी सिस्टिम टाकायला आले होते. जुनीत कुणीही बसावं, कुणीही उठावं, असा कारभार होता. नवीचा थाट निराळा. ती आधी दारातच अडवणार. निळ्या पडद्यावर घरातल्या माणसांची नावं दाखवणार, प्रत्येक नावाशेजारी एक चौकोनी चित्र. ज्यानं त्यानं आपल्या नावावर टिचकी मारायची, पासवर्ड द्यायचा आणि आपापल्या खोलीत शिरायचं. शिवाय एक जण मालक. मालकाला सगळं करता येणार, बाकीच्यांना तो देईल तेवढंच.

हे ऐकून माझे सासरे खुर्चीत ताठ झाले. अण्णा महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. गावोगावच्या सातबाऱ्यांवर नावं चढवण्या-उतरवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर मात्र कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"लिहा," अण्णा म्हणाले. "एक. यशवंत गोविंद वाळवेकर. मालक."

"चित्र कंचं देऊ? बदक हाय, फुटबॉल हाय, फुलपाखरू हाय..."

"ते बुद्धिबळाचं द्या. दोन. सतीश यशवंत."

सतीश म्हणजे माझे थोरले दीर. राहायला बंगळुरात. वर्षातून चार दिवस येत, त्यातले दोन झोपत.

"तीन. शिरीष यशवंत."

शिरीष म्हणजे माझा नवरा. साखर कारखान्यात केमिस्ट. संगणकावर त्याचं काम एकच, क्रिकेटच्या गेममध्ये शून्यावर बाद होणं.

"आनि मालकीणबाई? वहिनी?" जमदाडेंनी विचारलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, माझ्यामागे माई, माझ्या सासूबाई.

"त्यांना ते गेस्ट का काय म्हणालात ते चालू करून द्या," अण्णा म्हणाले. "इतर हक्कात."

सातबाऱ्यावर मालकाच्या नावापलीकडे 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. कुळं, विहिरीतला पाण्याचा वाटा, शेजाऱ्याची पायवाट आणि घरातल्या लेकी-सुना अशा किरकोळ गोष्टी त्यात जातात. लग्नाआधी मिरजेत सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स केलेली त्या घरात मी एकटीच होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात माईंनी मागून माझा पदर ओढला आणि जमदाडेंना साखर किती घालू ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी संगणकाशेजारी एक जाडजूड वही आली. 'संगणक वापर नोंदवही'. तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, कारण, सही आणि शेरा. कारणाच्या रकान्यात मी पहिल्या दिवशी 'हौस' लिहिलं. शेऱ्यात अण्णांनी लाल शाईनं लिहिलं, 'कारण सुस्पष्ट नाही.'

दुपारी अण्णा झोपले की मी माईंना शिकवत असे. माईंनी पहिल्या दिवशी माऊस उचलून पोटाखाली काय आहे ते पाहिलं, पदरानं पुसला आणि मग हाताखाली घेतला. आठवड्याभरात त्या पत्त्यांचा डाव लावायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कळलं की मागचं चित्र बदलता येतं. नव्या सिस्टिमबरोबर एक हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं होतं. माईंनी ते काढून झेंडूच्या ताटव्याचं चित्र लावलं आणि दुपारभर चारचारदा येऊन पाहून गेल्या.

संध्याकाळी अण्णांनी गेस्टची तपासणी केली. गेस्टला कुलूप नव्हतंच, कुणीही यावं आणि बघून जावं. रात्री जेवताना ते म्हणाले, "कुणीतरी टेकडी हटवून झेंडू लावला होता. मूळ नकाशाप्रमाणे पूर्ववत केलं आहे."

माईंनी आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र संगणकासमोर बसून मला म्हणाल्या, "वैजू, इथं माझं म्हणून एखादं नाव हवं. कुलपाचं. मी लावलं ते मीच काढीन, असं."

"त्याला मालक लागतो, माई."

"मग मागते मालकाकडं."

त्यांनी रात्री जेवणात मागितलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा हातात धरून विचार केला. "रीतसर अर्ज कर. तोंडी मागणीवर मी नोंद धरत नसतो."

आम्हाला वाटलं, थट्टा. पण अण्णा थट्टा करत नसत. नोकरीत एखाद्या जमिनीवर नवं नाव चढवायचं तर त्याला फेरफार म्हणत, आणि फेरफाराची एक रीत असे. अर्ज घ्यायचा, पंधरा दिवसांची नोटीस लावायची, हरकत आली तर सुनावणी, नाही आली तर नोंद मंजूर. ती रीत आमच्या दिवाणखान्यात जशीच्या तशी उतरली. माईंनी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, 'अर्जदार सौ. कालिंदी यशवंत वाळवेकर, धंदा घरकाम'. अण्णांनी त्याची पोच दिली आणि फ्रिजच्या दारावर नोटीस चिकटवली. ज्या कोणास सदर नोंदीबाबत हरकत असेल त्याने मुदतीत लेखी कळवावे.

चौदा दिवस फ्रिज उघडताना माई ती नोटीस वाचत. पंधराव्या दिवशी सकाळी नोटिशीशेजारी दुसरा कागद होता. 'जादा नाव चढवल्यास संगणकाचा वेग मंदावेल, सबब हरकत आहे.' खाली सही माझ्या नवऱ्याची.

"हे काय आहे?" मी शिरीषला न्हाणीघराच्या दारात गाठलं.

"अण्णा म्हणाले, सही कर. केली."

"वाचलंस तरी का?"

"अण्णांनी लिहिलेलं कुणी वाचतं का?" तो म्हणाला.

त्याला दुधी बघवत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढचे चार दिवस त्याच्या डब्यात दुधी गेला.

रविवारी सुनावणी झाली. अण्णा टेबलामागे, माई समोर खुर्चीच्या कडेला, हरकतदार शिरीष पेपरामागे. अण्णांनी दोन्ही बाजू वाचून दाखवल्या आणि निकाल दिला. अर्जदारास गेस्टमध्ये सर्व सोयी उपलब्ध असून स्वतंत्र नोंदीची गरज सिद्ध झालेली नाही. अर्ज नामंजूर.

"बरं," माई म्हणाल्या आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या. त्या दुपारी त्या संगणकाकडे फिरकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी हाताला धरून बोलावलं, तर म्हणाल्या, "राहू दे गं. पायवाटेवर कुणी बिछाना घालतं का?"

मला इतका राग आला की काय सांगू. एका झेंडूच्या चित्रासाठी ती बाई महिनाभर थांबली होती.

"माई, मंडळ अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला तर पुढं काय करतात?"

"प्रांताकडं अपील करतात. पण या घरात प्रांत कोण?"

प्रांत कोण ते मी जमदाडेंच्या दुकानात जाऊन विचारून आले. हकिगत ऐकून जमदाडेंनी हातातली सोल्डरिंगची गन खाली ठेवली. इकडंतिकडं बघत म्हणाले, "वहिनी, माझं नाव कुठं येता कामा न्हाई. त्या मशिनीत एक मूळ मालक लपल्याला असतोय. सिस्टिम टाकताना आपसूक तयार व्हतोय. एरवी पडद्यावर दिसत न्हाई, आनि दिसत न्हाई म्हनून त्याला कुलूप लावायचं कुनाच्या ध्यानात येत न्हाई. अण्णासाहेबांच्याबी आलं नसंल."

"भेटायचं कसं त्याला?"

"मशीन चालू झाली रं झाली की वरचं एफ-आठचं बटन दाबत ऱ्हावा. काळा पडदा यील. घाबरू नका. त्यात सेफ मोड निवडा."

गुरुवारी सकाळी दहा ते बारा अण्णा ज्येष्ठ नागरिक संघात असत. ते फाटकाबाहेर पडले, कोपऱ्यावर वळले, आणि मी माईंना स्वयंपाकघरातून ओढत आणलं. एफ-आठ दाबत राहिले. पडदा काळाठिक्कर पडला, अक्षरं ढोबळ झाली.

"मोडलं का गं?" माई कुजबुजल्या. घरात दुसरं कुणी नसतानाही आम्ही कुजबुजतच होतो.

"थांबा. प्रांतसाहेब येताहेत."

आणि खरंच, जे नाव आम्ही कधी पाहिलं नव्हतं ते वर आलं. टिचकी मारली. कुलूप नव्हतं. आम्ही आत.

पाच मिनिटांत माईंचं नाव तयार झालं. "पण अण्णा मालक राहिले तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला पुसून टाकतील," मी म्हणाले. "त्यांना खाली उतरवावं लागेल. आणि यंत्र म्हणतंय, किमान एक मालक राहिलाच पाहिजे. म्हणजे आधी तुम्हाला मालक करायचं."

माईंनी थोडा विचार केला. "म्हणजे मी आधी वर चढायचं, मग त्यांना उतरवायचं?"

"हो."

"बरं. पण हळू उतरव."

मी हळू उतरवलं. मग चित्रं दाखवली. मला वाटलं फूल घेतील, फुलपाखरू घेतील. माईंनी चष्मा वर करून सगळी चित्रं दोनदा पाहिली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. त्यात एक माणूस मोटारसायकलवरून हवेत उडी मारत होता. "हे," माई म्हणाल्या.

"आता पासवर्ड. मला सांगू नका."

"पाठ कर तिकडं."

मी पाठ केली. एका बोटानं, सावकाश, कळा वाजल्या. मग यंत्रानं विचारलं, विसरलात तर आठवायला एखादी खूण लिहून ठेवता का? मी माईंना बजावलं, ही खूण कुणालाही दिसते. नावाशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की झालं, कुणीही वाचू शकतं.

"वाचू दे," माई म्हणाल्या आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'मला आवडणारी भाजी'.

"अहो माई! हे तर घरात कुणीही ओळखेल!"

"कोण ओळखेल?" त्यांनी विचारलं.

मला वांगं सुचलं, पण वांगं अण्णांचं. बटाटा शिरीषचा, फ्लॉवर सतीशभावजींचा. सासरी येऊन मला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं मी त्या बाईच्या शेजारी उभी राहून भाज्या चिरल्या होत्या. मला खूप लाज वाटली.

"म्हणून म्हणते, धोका नाही," माई म्हणाल्या आणि झेंडू लावायला बसल्या.

संध्याकाळी अण्णांनी संगणक लावला. "हा मोटारसायकलवाला कोण?"

"मी," स्वयंपाकघरातून आवाज आला.

अण्णांनी ती नोंद काढून टाकायचा प्रयत्न केला. यंत्रानं नम्रपणे कळवलं की तुम्हाला तो अधिकार नाही. मग घड्याळ दोन मिनिटं मागं होतं ते सारखं करायला गेले, तर तोही अधिकार नाही. त्यांनी मला हाक मारली. मी चेहरा शक्य तितका मठ्ठ केला आणि म्हणाले, "नवी सिस्टिम आहे अण्णा. मला काय कळतंय त्यातलं?" त्यांनी जमदाडेंना फोन लावला. जमदाडे म्हणाले, "आपसूक झालं असंल, अण्णासाहेब. ह्या नव्या सिस्टिमी लई शान्या असत्यात. आता सगळं पुसून परत टाकायचं म्हंजे तुमचा अहवालबी जानार बगा."

हा अहवाल म्हणजे अण्णांचा जीव होता. ते ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस. वार्षिक सभा अकरा दिवसांवर आलेली, आणि यंदाचा अहवाल मी घरी छापून सर्वांच्या हातात देतो, असं त्यांनी भर बैठकीत जाहीर केलेलं. त्यासाठी नवा प्रिंटर घेतला होता. तो खोक्यातून निघाला, जोडला गेला, आणि यंत्र म्हणालं, नवीन प्रिंटर बसवायचा अधिकार फक्त मालकाला.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. ते तिथं आल्याचं मला आठवतं, कारण एरवी ते त्या उंबऱ्यापर्यंत येत नसत. "अगं, तो तुझा पासवर्ड काय आहे? प्रिंटर बसवायचाय."

माई पोळी लाटत होत्या. "देते की परवानगी. रीतसर अर्ज करा. पंधरा दिवसांची नोटीस लागेल. हरकत आली तर सुनावणी."

मी मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात पोट धरून हसले.

अर्ज करतील तर ते अण्णा कसले? पंधरा दिवस त्यांच्याकडे नव्हते आणि वाकणं तर त्याहून नव्हतं. त्यांनी प्रश्नचिन्हावर टिचकी मारली, खूण वाचली आणि हसले. "एवढंच?" ते म्हणाले आणि वांगं टाकलं. यंत्रानं नाही म्हटलं. बटाटा. नाही. मेथी, भेंडी, पावटा, गवार. अर्ध्या तासानं त्यांचं हसू गेलं होतं.

"सूनबाई," त्यांनी मला हळूच विचारलं, "हिला कुठली भाजी आवडते?"

"मला नाही माहीत, अण्णा." हे मी पहिल्यांदाच खरं बोलले होते.

त्यांनी शिरीषला विचारलं. शिरीष म्हणाला, "माझी का? बटाटा." बंगळुराला फोन गेला. सतीशभावजी म्हणाले, "आई सगळंच खाते ना?"

मग अण्णांनी चौकशी सुरू केली. तीही रीतसर. पहिलं पाऊल स्थळपाहणी. माई सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसत. अण्णा त्या दिवशी त्यांच्याबरोबर बसायला थांबले, वही घेऊन. माईंनी पातेल्यात उरलेली थोडी उसळ ताटात घेतली, सकाळची भाकरी घेतली आणि जेवल्या. अण्णांनी वहीत काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही थांबले. त्या दिवशी गवार संपली होती, माईंनी लोणचं घेतलं.

"भाजी?" अण्णांनी विचारलं.

"संपली."

"रोज संपते?"

"बहुतेकदा," माई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवसापासून अण्णा स्वतः बाजारात जाऊ लागले. येताना रोज नवी भाजी आणत आणि जेवताना माईंच्या तोंडाकडे बघत बसत. पडवळ झालं, दोडका झाला, घेवडा, चाकवत, अंबाडी झाली. प्रत्येक भाजी आधी संगणकात पडे, मग ताटात. माईंचा चेहरा काही सांगत नसे. त्या मजेत होत्या. मला तर वाटतं, लग्नानंतर नवरा आपल्या तोंडाकडे इतका वेळ बघतो आहे, हेच त्यांना नवीन असावं. आता चौघेही एकत्र जेवायला बसू लागलो होतो, कारण मागं राहून जेवलं तर निरीक्षण नीट होत नाही, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

सभेला दोन दिवस उरले. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. पिशव्या धरायला अण्णांनी मला बरोबर घेतलं. हौसाबाई म्हणून एक म्हातारी पालेभाजी घेऊन बसे, तिच्यापुढं ते थांबले. वहीतली यादी काढून एकेक जुडी ताडून पाहू लागले.

"ही झाली. ही झाली. हीही झाली."

"शेपू न्ह्या की, अण्णा. सकाळी उपाटलाय."

"शेपू आमच्या घरात येत नाही. मला त्याचा वास सहन होत नाही."

"येत न्हाई म्हंजे? त्याला काय पाय हायत व्हय? तुमी न्ह्याल तवा यील." हौसाबाईनं जुडी झटकली. "तुमची मालकीन रोज हितं थांबतीया. एक काडी चुरगाळती, वास घेती आन फुडं जाती. घ्या म्हनलं तर म्हंती, आमच्याकडं चालत न्हाई."

अण्णांनी वही मिटली. "किती दिवस झाले याला?"

"दिवस? मी ह्या जाग्याला बसाय लागल्यापास्नं. ईस वर्सं झाली असत्याल."

बाजारात गलका चालू होता. अण्णा त्या जुडीकडं बघत उभे राहिले. मागून कुणीतरी त्यांना सरका म्हणालं, तरी त्यांना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी दोन जुड्या घेतल्या. मी पिशवी पुढं केली, पण त्यांनी त्यात टाकल्या नाहीत. हातात धरून, तोंड थोडं बाजूला करून, त्या घरापर्यंत स्वतः आणल्या.

ओट्यावर जुड्या ठेवल्या तेव्हा माई कुकर लावत होत्या. वास आला तशी त्यांनी मान वळवली.

"हे कशाला आणलंत?"

"चौकशीत निष्पन्न झालं," अण्णा म्हणाले.

माईंनी शेपू निवडला, मुगाची डाळ घालून केला, लसणाची फोडणी जरा जास्तच दिली. घरभर वास सुटला. अण्णांनी ताटात भाजी वाढून घेतली, तीन घास खाल्ले, तीनदा पाणी प्यायले आणि म्हणाले, "वाईट लागत नाही." नोकरीत कधी खोटी नोंद न केलेला माणूस धडधडीत खोटं बोलला. माईंनी दोनदा भाजी घेतली. मी त्यांना दुसऱ्यांदा काही घेताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जेवणं झाल्यावर अण्णा संगणकासमोर बसले. मी दाराआडून बघत होते. त्यांनी शेपू टाकला. मोटारसायकल उघडली. झेंडूचा ताटवा आला. आता ते मालक होते. दोन टिचक्या, की माई पुन्हा पायवाटेवर. ते नावांच्या यादीपाशी गेलेही. बाण माईंच्या नावावर थांबला. खूप वेळ थांबला. मी माईंकडं पाहिलं. त्या ओटा पुसत होत्या, पण फडकं एकाच जागी फिरत होतं.

"अगं," अण्णांनी हाक मारली. "तुझ्या खोलीत आलोय. प्रिंटर बसवू का?"

"बसवा," माई म्हणाल्या. फडकं पुढं सरकलं.

त्यांनी प्रिंटर बसवला, अहवालाच्या साठ प्रती काढल्या आणि बाहेर पडले. दुसरं काही हलवलं नाही. जाताना नोंदवही ओढली, लाल शाईनं शेरा लिहिला, 'हरकत निकाली काढली. नोंद मंजूर.' आणि खाली पूर्ण सही केली. सभेत अहवालाचं कौतुक झालं म्हणे. मला त्याचं काही वाटलं नाही. माईंचं नाव आता कुणी पुसणार नव्हतं, मला तेवढंच हवं होतं.

पण माईंचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी घड्याळ सारखं करायला म्हणून मोटारसायकलवर टिचकी मारली आणि शेपू टाकला. यंत्र नाही म्हणालं. पुन्हा टाकला. पुन्हा नाही. त्यांनी प्रश्नचिन्ह दाबलं आणि मला हाक मारली. मी जाऊन पाहिलं. खूण बदलली होती. 'मला जायचं होतं ते गाव'.

मी अण्णांकडं पाहिलं. मला वाटलं, आता ते नकाशा काढतील, यादी करतील, बंगळुराला फोन लावतील. त्यांनी वहीला हातही लावला नाही. उठले, न्हाणीघरासमोरचा पाट उचलला, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि माईंच्या शेजारी पाट टाकून बसले.

"कुठलं गाव?" त्यांनी विचारलं.

माई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला, पिठाच्या हातानंच कपाळावरचे केस मागं सारले आणि सांगायला सुरुवात केली. मी परातीसमोर बसले आणि तवा माझ्याकडं ओढून घेतला. त्या दिवशीच्या सगळ्या भाकऱ्या मीच केल्या, कारण त्या संपल्या तरी माईंचं सांगणं संपलं नव्हतं.